जुना लॅपटॉप, मुक्त प्रणाली आणि आपली मराठी अक्षरे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या 'विंडोज १०' या संगणकप्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली. तारीख अशी, की नागपूरकराला ती वहीत टिपून ठेवावी लागत नाही. २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आलेली ही प्रणाली दहा वर्षे चालली. ज्या घरांत ती होती तेथील लॅपटॉप त्या दिवशी काही बंद पडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते पूर्वीसारखेच सुरू झाले. थांबले ते एवढेच, की प्रणालीत एखादे नवे छिद्र सापडले तर ते बुजविणारी दुरुस्ती यापुढे आपोआप घरी येणार नाही. घरगुती ग्राहकांनी नावनोंदणी केल्यास ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ कंपनीने देऊ केली होती. परंतु मुदतवाढ ही मुदतवाढच असते.

नव्या 'विंडोज ११' साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या अखेरीनंतरचा असावा लागतो. आपल्या सभासदांच्या घरांतील कितीतरी लॅपटॉप त्याआधीचे आहेत. मोठ्या मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी किंवा मुलीच्या बी.एड.साठी २०१४-१५ मध्ये हप्त्याने घेतलेला, आता धाकट्याच्या अभ्यासाला लावलेला, उघडायला पाच मिनिटे घेणारा असा तो असतो. त्याचा पडदा चांगला आहे, कळफलक चालतो, फक्त कंपनीच्या यादीतून त्याचे नाव गेले आहे.

अशा वेळी तीन मार्ग दिसतात. तीस-चाळीस हजारांचा नवा लॅपटॉप घ्यावा; आहे तेच धोका पत्करून चालवावे; किंवा दुरुस्तीच्या एखाद्या दुकानात जाऊन दोन-तीनशे रुपयांत 'क्रॅक' केलेली प्रत टाकून घ्यावी. यातला तिसरा मार्ग आपल्याकडे सर्वांत रुळलेला आहे आणि त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. न दिलेली वस्तू घेऊ नये हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही पाठ असते. मग संगणकाच्या बाबतीतच ही सूट कोठून आली, असा प्रश्न आम्हांस पडतो. शिवाय कुलूप तोडून देणारा कुलपाबरोबर आणखी काय आत ठेवून गेला हे आपल्याला कळत नाही.

चौथा मार्ग मुक्त प्रणालीचा आहे. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे.

मुक्त म्हणजे काय?

संगणकातील यंत्रभाग आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्यामध्ये राहून सर्व कामे जुळवून देणारी आज्ञावली म्हणजे संगणकप्रणाली होय. विंडोज ही अशी एक प्रणाली. तिची मूळ आज्ञावली कंपनीजवळ असते. आपल्याला मिळते ती केवळ वापरण्याची परवानगी.

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर भेट म्हणून आला. त्यात कागद वारंवार अडकत असे. तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरसाठी एक सोय केली होती. कागद अडकला की काम पाठविणाऱ्यांच्या पडद्यावर तशी सूचना जाई. नव्या प्रिंटरलाही तीच सोय करावी असे त्यांच्या मनात आले. परंतु त्याची मूळ आज्ञावली कोणी देईना. ती ज्या संशोधकाकडे होती त्याने गुप्ततेच्या करारावर सही केलेली होती आणि त्याने नकार दिला. दुरुस्त करता येत असूनही दुरुस्त करू द्यायचे नाही, ही गोष्ट स्टॉलमन यांना फार लागली. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले आणि १९८९ मध्ये 'जीपीएल' हा परवाना तयार केला.

या परवान्याचे सार साधे आहे. प्रोग्रॅम कोणत्याही कामासाठी वापरता येईल. तो कसा चालतो याचा अभ्यास करून त्यात बदल करता येईल. त्याच्या प्रती दुसऱ्याला देता येतील. आणि आपण बदललेली प्रतही वाटता येईल. अट एकच, की पुढच्यालाही हेच चारही हक्क मिळाले पाहिजेत. मुक्त प्रोग्रॅम विकायलाही बंदी नाही. म्हणून 'मुक्त' याचा अर्थ 'फुकट' असा घेऊ नये, जरी आपल्या घरी तो बहुधा फुकटच येतो.

ग्नू प्रकल्पाचे बरेच भाग तयार झाले तरी मधला गाभा तयार नव्हता. तो फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिहावयास घेतला आणि पुढच्या वर्षी तो जीपीएल परवान्याखाली खुला केला. तोच 'लिनक्स'. आज आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनमध्ये हाच गाभा आहे, आणि जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालत आला आहे. तेव्हा लिनक्स म्हणजे काहीतरी कच्चे, हौशी लोकांचे, असे जे ऐकू येते त्याला आधार नाही.

लिनक्सचा गाभा, त्यावरचे प्रोग्रॅम आणि पडद्याची मांडणी एकत्र बांधून देणाऱ्या संचाला 'डिस्ट्रिब्यूशन' म्हणतात. डेबियन (१९९३), उबंटू (२००४), लिनक्स मिंट (२००६) ही त्यांतली नावे. विंडोजची सवय झालेल्या घराला मिंट लवकर रुळते, कारण खाली डावीकडे मेनू, खाली पट्टी, वर फुलीचे बटण ही मांडणी ओळखीची असते.

आपल्या मुलखातील काम

हे सारे परदेशातच घडले असे मात्र नाही. रायगड जिल्ह्यातील खैराट या डोंगराळ वस्तीतील एकशिक्षकी प्राथमिक शाळेत २००७ मध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या छोट्या लॅपटॉपमध्ये फेडोरा लिनक्सवर उभारलेली प्रणाली होती. म्हणजे शहरातील मोठमोठ्या कार्यालयांना जे अवघड वाटते ते वीस-बावीस वाडीवरच्या मुलांनी हाताळले होते. मुलांना आधीची सवय मोडावी लागली नव्हती, हा त्यातला मुद्दा आहे.

पुण्यात रेड हॅट कंपनीच्या चमूने 'लोहित' नावाचे भारतीय लिप्यांचे मुक्त फाँट वाढविले. सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारित 'बॉस' ही प्रणाली भारतीय भाषांसह आणली. पवईच्या आय.आय.टी.ने प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्यूटोरियल' हा उपक्रम चालविला. त्यात लिनक्स, लिबरऑफिस वगैरेंचे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठी आवाजातही आहेत आणि ते विनामूल्य पाहता येतात. आमच्या मते ज्या विद्यार्थ्याला इंग्रजी पुस्तकाची धास्ती वाटते त्याने येथूनच सुरुवात करावी. केरळ राज्याने तर सरकारी शाळांचा संगणकविषयच मुक्त प्रणालीवर नेला. २०१९ मध्ये तेथील शाळांचे दोन लाखांवर संगणक या प्रणालीवर होते. केंद्र सरकारचे मुक्त-स्रोत प्रणाली स्वीकारण्याचे धोरण २०१५ चे आहे. महाराष्ट्रात मात्र घरोघरी संगणक म्हटला म्हणजे विंडोज आणि वर्ड, हेच समीकरण राहिले.

खरी अडचण : जुन्या फाइलींतील मराठी

लिनक्स बसविणे अवघड नाही; त्याविषयी पुढे सांगू. परंतु विंडोज पुसण्यापूर्वी एका गोष्टीचा नीट विचार केला नाही तर घराचे आणि संस्थेचेही कायमचे नुकसान होऊ शकते. ती गोष्ट म्हणजे जुन्या फाइलींतील मराठी.

१९९० च्या दशकात आपल्याकडे संगणकावर मराठी आली ती श्रीलिपी, सी-डॅकचे आय.एस.एम., कृतिदेव अशा फाँटांच्या वाटेने. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी तर बहुतेक छापखान्यांत असे. संस्थांचे वार्षिक अहवाल, निमंत्रणपत्रिका, सभासदांच्या याद्या, शोकसंदेश, घरातील मुलामुलींचे लग्नाचे परिचयपत्र हे सारे त्यांत टाइप झाले. पडद्यावर आणि कागदावर ते शुद्ध मराठी दिसे. फाइलीच्या आत मात्र मराठी नव्हतेच.

हे कसे ते उदाहरणाने पाहू. कृतिदेवमध्ये 'राम' लिहिण्यासाठी कळफलकावर जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरे दाबावी लागतात. संगणक साठवतो तीही हीच तीन इंग्रजी अक्षरे. कृतिदेव फाँटमध्ये 'जे'च्या जागी 'र'चे चित्र, 'के'च्या जागी काना आणि 'ई'च्या जागी 'म'चे चित्र बसविलेले असते, म्हणून आपल्याला 'राम' दिसतो. तो फाँट काढून घ्या, की उरतात तीन इंग्रजी अक्षरे. दुसऱ्या कंपनीच्या फाँटमध्ये या जागा निराळ्या. म्हणजे प्रत्येक कंपनीची किल्ली वेगळी, आणि आपला मजकूर त्या किल्लीमागे.

युनिकोडमध्ये तसे नाही. तेथे जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'र'चा क्रमांक २३५२, काना २३६६, 'म' २३५०. फाँट कोणताही असो, संगणक कोणाचाही असो, हे क्रमांक बदलत नाहीत. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. आपल्या देशाचे 'इस्की' हे मानकही त्याच वर्षीचे. म्हणजे मानक होते, पण छापखान्यातील पानजुळणीचे प्रोग्रॅम पुढे कितीतरी वर्षे युनिकोड मराठीची जोडाक्षरे नीट जोडत नसत. त्यामुळे जुने फाँट चालतच राहिले, आणि काही ठिकाणी ते अजून चालतात.

आता घरचा लॅपटॉप लिनक्सवर नेला आणि जुनी फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. लोक म्हणतात, लिनक्समध्ये मराठी येत नाही. वस्तुस्थिती उलट आहे. लिनक्समध्ये युनिकोड मराठी उत्तम येते. त्या फाइलीतच मराठी नाही, हे लिनक्सने फक्त उघड केले. विंडोजचा नवा लॅपटॉप घेतला आणि त्यात तो जुना फाँट नसला, तर तेथेही हेच दिसेल.

म्हणून प्रणाली बदलण्यापूर्वी, जुना लॅपटॉप चालू असतानाच, अशा सर्व फाइली शोधून काढाव्यात. प्रत्येक फाइल तिच्या मूळ फाँटसह उघडून तिची पीडीएफ प्रत करून ठेवावी, म्हणजे निदान दिसण्यापुरता मजकूर सुरक्षित राहतो. त्यानंतर मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे. त्यासाठीचे प्रोग्रॅम मिळतात. मात्र ते ज्या फाँटसाठी बनविलेले असतात त्यालाच लागू पडतात.

रूपांतरात चुका कोठे होतात हे माहीत असलेले बरे. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती आधी उमटते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे याच्या उलट. 'धर्म' हा शब्द जुन्या पद्धतीत ध, म आणि मग वरचा रफार असा साठवला जातो. युनिकोडमध्ये ध, र, हलन्त, म असा उच्चाराच्या क्रमाने. रूपांतर करणारा प्रोग्रॅम हा क्रम फिरवितो, पण एका अक्षरावर रफार आणि अनुस्वार दोन्ही आले की पुष्कळदा गडबडतो. 'पुढाऱ्यांनी', 'दऱ्या', 'सातवाऱ्या' यांतील चंद्रकोरीसारखा 'र' हाही नेहमीचा घोटाळा. तो हिंदीत नसल्याने हिंदीपुरत्या बनविलेल्या प्रोग्रॅमला तो ठाऊकच नसतो. युनिकोडमध्ये नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि पुढचे अक्षर असा तो लिहावा. 'ॲड्व्होकेट'मधील 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. जुन्या फाइलींत तो अ आणि चंद्र असा तुटक सापडतो, आणि शोधताना दोन्ही रूपे शोधावी लागतात.

पेजमेकरमध्ये जुळविलेल्या फाइलींचा प्रश्न आणखी निराळा. अडोबी कंपनीने पेजमेकरची सातवी आवृत्ती काढून पुढे ते काम थांबविले. लिबरऑफिसला २०१५ पासून पेजमेकरच्या फाइली काही प्रमाणात उघडता येतात, परंतु आतला मजकूर जुन्या फाँटातलाच असल्याने रूपांतर टळत नाही.

फाँटांविषयी एक गोष्ट ओघाने सांगितली पाहिजे. विंडोजमधील 'मंगल' हा देवनागरी फाँट र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकाराने घडविलेला आहे. तो मायक्रोसॉफ्टच्या परवान्यात येत असल्याने लिनक्ससोबत मिळत नाही. मंगलमध्ये केलेला अर्ज लिनक्सवर उघडला की तो लोहित किंवा नोटो या फाँटात दिसतो. अक्षर न् अक्षर बरोबर असते, फक्त ओळी थोड्या सरकतात आणि एका पानाचा मजकूर सव्वा पानावर जातो. राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध करून दिलेले 'यशोमुद्रा' व 'यशोवेणु' किंवा 'मुक्त' हे फाँट टाकून घ्यावेत. मराठी वळणाचे ल आणि श पाहून डोळ्यांना बरे वाटते.

प्रत्यक्ष बदल

ज्याच्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी मेमरी आहे त्याने मिंटची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती घ्यावी. ८ जीबी असेल तर 'सिनॅमन' घेण्यास हरकत नाही. २००८ च्या आसपासचे ३२ बिटचे जुने संगणक असतील तर त्यांच्यासाठी आता फारसे चांगले पर्याय उरलेले नाहीत. आमच्या घरी २०१५ सालच्या, ४ जीबीच्या लॅपटॉपवर हा बदल केला. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली, त्याने पडलेला फरक प्रणाली बदलल्याच्या फरकापेक्षाही मोठा होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. उगीच सगळे श्रेय लिनक्सला देऊ नये.

प्रथम सर्व फोटो, दाखले, गुणपत्रिका, प्रकल्प अहवाल बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून फाइली खरोखर उघडतात की नाही ते पाहावे. काही लॅपटॉपमध्ये विंडोजने 'बिटलॉकर'ने डिस्क कुलूपबंद केलेली असते. तिची परतकिल्ली आधीच लिहून घ्यावी. मग मिंटच्या संकेतस्थळावरून सुमारे ३ जीबीची फाइल उतरवावी, ती पूर्ण व अस्सल आहे याची पडताळणी करावी (पद्धत तेथेच दिलेली असते) आणि 'रुफस' किंवा 'एचर' या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवावी. नुसती कॉपी करून चालत नाही. त्या पेन ड्राइव्हवरील आधीचे सर्व पुसले जाते हेही ध्यानात असावे.

लॅपटॉप सुरू करताना एफ२, एफ१२ किंवा एस्केप यांपैकी त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून पेन ड्राइव्हवरून सुरू करावे. येथे या प्रणालीची एक मोठी सोय आहे. हार्ड डिस्कला हात न लावता ती पेन ड्राइव्हवरूनच पूर्ण चालते. तेव्हा लगेच बसविण्याची घाई करू नये. दोन-तीन संध्याकाळी तशीच चालवून पाहावी. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, घरचा प्रिंटर ओळखतो का, हे सर्व याच वेळी कळते. काही लॅपटॉपचे वाय-फाय सुरुवातीला लागत नाही. अशा वेळी फोन केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे, म्हणजे फोनचे इंटरनेट लॅपटॉपला मिळते आणि वाय-फायचा ड्रायव्हर उतरवून घेता येतो.

सर्व ठीक वाटले तर 'इन्स्टॉल'वर दाबावे. विंडोजशेजारी बसवावी की सर्व डिस्क पुसून, असा प्रश्न येतो. पहिले एक-दोन महिने शेजारी ठेवणे शहाणपणाचे. त्यासाठी विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे लागते, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या भागातील फाइली वाचता येतात पण त्यांत लिहिता येत नाही. चाळीसेक मिनिटांत काम होते. उन्हाळ्यात हे करावयाचे असेल तर सकाळी करावे, कारण नागपूरच्या मे महिन्यात पंखा धुळीने भरलेला लॅपटॉप मध्येच तापून बंद पडला तर अर्धवट बसलेली प्रणाली निस्तरत बसावे लागते. चार्जर लावलेला हवा, हे सांगायला नकोच.

मराठी टाइप करण्यासाठी कळफलकाच्या यादीत 'मराठी (इनस्क्रिप्ट)' घ्यावे. फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय असेल त्यांना 'गमभन' किंवा फोनेटिक पद्धत मिळते, आणि टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनवर हात बसलेल्यांसाठी तोही कळफलक आहे. आमचे मत विचाराल तर विद्यार्थ्यांनी इनस्क्रिप्टच शिकावे. आठ-दहा दिवस जड जाते. नंतर हिंदी, गुजराती, तेलुगू सर्व लिप्यांत तोच हात चालतो.

संपूर्ण पडदाही मराठीत करता येतो. मात्र त्याचे भाषांतर अनेक ठिकाणी अपुरे आहे. अर्धी सूचना मराठी, अर्धी इंग्रजी, आणि काही मराठी शब्द इतके अवघड की इंग्रजी बरे वाटावे. ही भाषांतरे स्वयंसेवक करतात. आपल्यातील एखाद्या मराठी विषयाच्या विद्यार्थ्याने ती सुधारून पाठविली तर तपासून ती पुढच्या आवृत्तीत येतात. विंडोजमधील चुकीचा शब्द आपल्याला असा बदलता येत नाही.

काय चालते, काय अडते

लिहिणे, हिशेबाचे तक्ते आणि भाषणाच्या पाट्या यांसाठी लिबरऑफिस सोबतच येते. वर्डची फाइल त्यात उघडते, परंतु गुंतागुंतीचे तक्ते हलतात. म्हणून कोठेही पाठवावयाची अंतिम प्रत पीडीएफ करूनच पाठवावी. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाचे अर्ज, डिजिलॉकर, बँक ही कामे फायरफॉक्स किंवा क्रोमवर होतात. फोटो आणि सही ठरावीक केबीत बसविण्यासाठी 'गिंप' आहे. पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात लावून आणला की सर्व फोल्डर शॉर्टकट होतात, हा अनुभव बहुतेकांना असेल. विंडोजसाठी लिहिलेले ते विषाणू लिनक्सवर चालत नाहीत. खोट्या लिंकवर जाऊन ओटीपी सांगणाऱ्याला मात्र कोणतीच प्रणाली वाचवू शकत नाही.

अडते ते असे. हिशेबाचे टॅली, ऑटोकॅड, फोटोशॉप हे लिनक्ससाठी बनविलेले नाहीत. 'वाइन' नावाच्या प्रोग्रॅममधून काही गोष्टी चालतात, पण पोटापाण्याचे काम त्याच्या भरवशावर ठेवू नये. डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन काही कंपन्यांचा चालतो, काहींचा नाही. काही जुने लेझर प्रिंटर फार छळतात. काही परीक्षांना घरून बसताना विंडोजचाच विशिष्ट प्रोग्रॅम सक्तीचा असतो. अशा विद्यार्थ्याने परीक्षा होईपर्यंत विंडोज पुसू नये. ज्या घराचे उत्पन्नच टॅलीवर किंवा ऑटोकॅडवर आहे त्या घराला हा बदल आम्ही सुचविणार नाही. पण असे घर दहांत फार तर एक-दोन असेल. बाकीच्या घरी अर्ज, अभ्यास, व्हिडिओवरचे तास आणि फोटो एवढेच काम असते.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचा लाभ अधिक. पायथन, सी, डेटाबेस, सर्व्हर ही कामे लिनक्सवर सहज होतात आणि नोकरीतही पुष्कळदा लिनक्सच समोर येतो. आपल्या प्रणालीतील कोणताही प्रोग्रॅम उघडून तो कसा लिहिला आहे हे घरी बसून वाचता येते. ज्या विद्यार्थ्याला महागडे वर्ग परवडत नाहीत त्याला जगातील उत्तम कारागिरांची वही उघडी मिळाली, असे समजावे.

शेवटी आपल्या संस्थांच्या दप्तराविषयी. जुन्या स्मरणिका, सभांचे वृत्तांत, देणगीदारांच्या आणि संस्थापक सभासदांच्या याद्या ज्या संगणकावर आहेत ते संगणक आता एकेक करून भंगारात चालले आहेत, आणि त्यांतील मजकूर श्रीलिपीत किंवा पेजमेकरमध्ये आहे. ज्या सभासदांकडे अशा फाइली, सीडी किंवा जुनी हार्ड डिस्क असेल त्यांनी ती पुसण्यापूर्वी कार्यालयाकडे द्यावी. रूपांतराचे काम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सुटीत करावे. तपासायला मात्र जुन्या सभासदांना बसवावे लागेल, कारण आडनावातील काना-मात्रा सुटला तर ते यंत्राला कळत नाही आणि विद्यार्थ्यालाही नाही. त्यांच्यासमोर त्या वर्षीचा छापील अंक ठेवावा, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहावे. एका बैठकीत दहा पानांपेक्षा अधिक घेऊ नयेत. डोळे थकले की रफार दिसेनासे होतात.